बिनकामाच्या मॅडम

आमच्या भागातल्या वॉर्ड ऑफिसात परबमॅडमना सगळे 'बिनकामाच्या मॅडम' म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि मला वाटतं, त्यांना ते आवडतही होतं. भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी आमची शाईची कंपनी. बिस्किटांच्या आणि फरसाणाच्या पुड्यांवर जी रंगीत चित्रं असतात, त्यांची शाई. परबमॅडम तिथे पर्यावरण विभागाच्या प्रमुख होत्या. सरकारी कचेऱ्या आणि आजूबाजूची वस्ती या दोन्हींशी कंपनीच्या वतीने बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. विभाग म्हणजे त्या आणि मी.

त्यांच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात पहिल्यांदा गेले तेव्हा त्या काम कधी काढतात याची मी वाट बघत बसले. त्या साळुंखेसाहेबांच्या टेबलासमोर बसल्या. साळुंखे नाल्यांचे आणि पर्जन्यवाहिन्यांचे इंजिनीअर. मॅडमनी त्यांच्या मुलीच्या नाचाच्या क्लासची चौकशी केली, गुडघ्याची केली, चहा प्यायल्या आणि उठल्या. जिना उतरताना मी विचारलं, "मॅडम, आपलं काम?"

"नव्हतं काही."

"मग आलो कशाला?"

"काम असलं की सगळेच येतात गं. तेव्हा समोरचा माणूस आपल्याकडे बघतच नाही, फाइलकडे बघतो. काम नसताना गेलं की माणूस भेटतो."

त्या नेहमी दुपारीच जात. जेवणाची सुट्टी संपून तासभर झालेला असे. पंखे संथ फिरत, खिडकीच्या गजांवर कबुतरं डोळे मिटून बसलेली असत आणि अख्खं ऑफिस पाण्याखाली असल्यासारखं वाटे. आवाज लांबून येत, माणसं हळू हलत. त्या तंद्रीत लोक जे बोलत ते सकाळच्या घाईत कधी बोलले नसते. आजही त्या दिवसांची आठवण झाली की मला आधी ते मऊ पिवळट ऊन दिसतं, आणि मग त्या उन्हात पुढे चालणाऱ्या मॅडम.

ठेंगण्या, अंगाने भरलेल्या. चालायला सोप्या रबरी तळाच्या चपला. केस पांढरे, आणि ते तसेच ठेवलेले. "दिवसभर जगाला रंग लावतो आपण, केस तरी सुटू देत," असं म्हणायच्या. खांद्याला पर्ससुद्धा नसे. रुमाल आणि फोन, तेही हातात. बॅग आणली की आत कागद असणार असं लोकांना वाटतं आणि कागदाच्या वासाने ते ताठ होतात, हा त्यांचा अनुभव. त्यांचं लहानपण भांडुपच्याच टेकडीवर गेलं होतं. वडील सावंतवाडीकडून आलेले, गिरणीत होते. गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. घरात मालवणी बोलत. ऑफिसात मॅडम साफ मराठी बोलायच्या, पण मन हललं की भाषा आपोआप घसरायची. "जेवलंस काय गो?" असं त्यांनी विचारलं की समजावं, आज मॅडम खुशीत आहेत.

मी आले होते कंपनीच्या अंधेरीच्या मुख्य ऑफिसातून, अहवाल लिहिणारी म्हणून. कंपनीने पर्यावरणासाठी काय केलं याचा जाडजूड अहवाल दरवर्षी निघतो. त्यात एक गोल आकृती असते. मधे कंपनी आणि भोवती छोटी छोटी वर्तुळं: सरकार, गुंतवणूकदार, ग्राहक, कामगार, स्थानिक समाज. या सगळ्यांना मिळून 'स्टेकहोल्डर' म्हणायचं. मी ती आकृती छान रंगवून मॅडमना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यात वारा कुठून येतो ते दाखव ना," त्या म्हणाल्या.

"वारा?"

"स्टेकहोल्डर म्हणजे कोण? ज्याच्या घरात आपला वास जातो तो. सकाळी वारा टेकडीकडे जातो, संध्याकाळी खाडीकडे. सकाळचे स्टेकहोल्डर वेगळे, संध्याकाळचे वेगळे."

मला हसू आलं होतं. आकृती मी होती तशीच छापली. पण त्या दिवसापासून कंपनीच्या गच्चीवर गेले की वारा कुठल्या अंगाला लागतोय हे माझं मीच बघायला लागले.

कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून एक नाला वाहतो. टेकडीवरून उतरतो, आमच्या भिंतीजवळून, मग चाळींच्या मागून जातो आणि रेल्वेखालून पलीकडे खाडीला मिळतो. चाळीच्या समितीचे सचिव कदम. पोस्टातून निवृत्त झालेले, करड्या आवाजाचे. कंपनीचं नाव काढलं की कपाळावर आठी. नाल्याच्या कडेलाच सुरेखा पोळी-भाजी केंद्र चालवायची. मॅडम दुपारी तिच्या दारात बसायच्या आणि सुरेखा पोळ्या लाटता लाटता बोलायची. कधी म्हणायची, "मॅडम, पाण्याला कधीकधी रंग दिसतो हां संध्याकाळचा." मॅडम फोनमध्ये टिपून घ्यायच्या. मग प्रयोगशाळेचा माणूस सकाळी येऊन बाटलीत पाणी भरून न्यायचा. पाणी ठीक असल्याचं कळायचं आणि आम्ही सुरेखाला तसं सांगायचो. ती मान हलवायची आणि पुढची पोळी तव्यावर टाकायची.

एका रविवारी मॅडमच्या डोक्यात आलं की नाला सुरू कुठे होतो ते बघून येऊ. साळुंखे, कदम, त्या आणि मी, असे चौघे निघालो. फाल्गुन लागला होता. घरांची शेवटची ओळ मागे पडली आणि पायवाट वर चढायला लागली. साळुंखे बिबट्याच्या भीतीने सारखे मागे बघत होते. कदम मुद्दाम गप्प होते, कारण महापालिकेच्या आणि कंपनीच्या माणसांबरोबर फिरायला आलो हे त्यांनाच पटत नव्हतं. वर एका कातळाच्या फटीतून पाणी येत होतं. करंगळीएवढी धार, पण इतकी स्वच्छ की खालची रेती मोजून घ्यावी. वाऱ्याने शेवरीची म्हातारी उडत होती. पांढरे पुंजके झाडांमधून तरंगत यायचे, पाण्यावर टेकायचे आणि त्याच्याबरोबर निघून जायचे.

साळुंखे बूट काढून पाण्यात पाय सोडून बसले. "इतकी वर्षं हा नाला नकाशावर बघतोय," ते म्हणाले. "निळी रेघ म्हणून."

कदमांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि न बोलता प्यायलं. मॅडम एका दगडावर डोळे मिटून बसल्या होत्या. कुणी कंपनीबद्दल बोललं नाही की परवान्यांबद्दल. खाली भांडुप होतं, मुलुंडच्या उंच इमारती होत्या, पलीकडे खाडीची चमकती पट्टी, आणि ते सगळं झोपेत कुणीतरी सांगितल्यासारखं. त्यानंतर कदमांनी मॅडमना घरी चहाला बोलावलं. कंपनीतलं कोणी त्यांच्या घरात बसण्याची ती पहिली वेळ.

पुढच्याच वर्षी कंपनीने विस्ताराचं ठरवलं. जुन्या रासायनिक शाईऐवजी पाण्यात मिसळणारी शाई करायची, त्यासाठी नवी शेड. हवेच्या दृष्टीने बरीच सुधारणा होती. पण विस्तार म्हटला की जनसुनावणी आली. शाळेच्या सभागृहात सरकारी अधिकारी बसतात, कंपनी आपली बाजू मांडते आणि आसपासचे लोक जे मनात असेल ते विचारतात. मॅडमनी वस्तीतल्या घराघरात जाऊन ती नवी शेड समजावून सांगितली. कदमसुद्धा नरमले होते. "मॅडम सांगतात तर बघू," एवढं म्हणण्यापर्यंत आले होते.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात, एका मंगळवारी, आम्हाला कंपनीतून निघायला उशीर झाला. दिवस मावळत होता. नाल्यावरच्या लहान पुलावर मॅडम थांबल्या. टेकडीकडून गार वारा येत होता, चाळीतून फोडणीचा वास, आणि नाल्याच्या काळ्या पाण्यावर आकाशाचा गुलाबी रंग पडला होता. त्या गुलाबीत एकाएकी एक निळी रेघ आली. आमच्या भिंतीच्या बाजूने. आधी धाग्यासारखी बारीक, मग उलगडत, वळसे घेत, मोराच्या मानेसारख्या निळ्या रंगाची. मी म्हटलं, "मॅडम, बघा ना, किती सुंदर."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुलाचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

"ह्या आपला आसा," त्या अगदी हळू म्हणाल्या. हे आपलं आहे.

ते आपलंच होतं. पाळी संपताना यंत्रं धुतात, ते पाणी जमिनीखालच्या पाइपातून शुद्धीकरणाच्या टाकीत जातं. तो जुना पाइप भिंतीजवळ फुटला होता. फक्त धुण्याच्या वेळी, फक्त संध्याकाळी, थोडं थोडं पाणी नाल्यात झिरपत होतं. सकाळी येणाऱ्या बाटलीला ते कधी सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये होतो. साहेब म्हणजे आमचे एमडी. वडिलांनी काढलेली कंपनी चालवणारा, बोलायला सभ्य माणूस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पाइप आजच उघडू," ते म्हणाले. "पण सुनावणीत हा विषय नको, परबबाई. पुढच्या अहवालात घाला, मी नाही म्हणणार नाही."

"लोक विचारतील, साहेब. पाण्यात काही जातं का, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो."

"सांगा, सध्या काही जात नाही. तोवर दुरुस्ती झालेली असेल. खोटं नाही ते."

"'सध्या' म्हटलं की तुम्ही-आम्ही सुटतो," त्या म्हणाल्या. "त्यांना तिथेच राहायचंय."

"तुम्ही नोकरी कोणाची करता?" साहेबांचा आवाज चढला नाही, पण चेहरा लाल झाला. "बँकेचं कर्ज या सुनावणीवर थांबलंय, यंत्रांची ऑर्डर गेलीय. वाट लागेल आपली."

"तुमचीच करते. तुमच्याच वतीने उद्या परत त्यांच्या दारात जायचंय मला. मी सांगणार, साहेब. तुम्हाला नको असेल तर मला पाठवू नका, दुसऱ्या कोणाला पाठवा. मी रागावणार नाही."

लिफ्टमध्ये मी साहेबांबद्दल काहीतरी बोलले. मॅडमनी मला थांबवलं. "वाईट नाहीत गो ते. घाबरलेत. मीपण घाबरलेय."

सुनावणीच्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. "गाडी पाठवतोय," एवढंच म्हणाले. ते स्वतः सभागृहात मॅडमच्या शेजारी येऊन बसले आणि शेवटपर्यंत टेबलाकडे बघत राहिले.

कुणी प्रश्न विचारायच्या आधीच मॅडम उभ्या राहिल्या. पाइप, संध्याकाळ, निळं पाणी, सगळं सांगितलं. 'कंपनी' हा शब्द वापरला नाही. 'आमच्याकडून गेलं' असं म्हणाल्या. सभागृहात गलका उठला. मी मनातून वाट बघत होते की कुणीतरी म्हणेल, बाईने खरं तरी सांगितलं. तसं कुणी म्हटलं नाही. कदम उठले. त्यांचा करडा आवाज त्या दिवशी अगदी खाली आला होता.

"मॅडम, ही सुरेखा दोन वर्षं सांगत होती."

"हो."

"तुम्ही लिहून घेत होतात."

"घेत होते."

"आमच्या घरात बसून चहा प्यायलात. मग बघितलं का नाही?"

मॅडम कदमांकडे वळल्या. "मी नेहमी दुपारची यायचे, कदम. संध्याकाळची कधी थांबलेच नाही."

त्या क्षणी मॅडमचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. ज्या दुपारींवर त्यांचा सगळा जीव होता, ज्यांच्यामुळे आपल्याला माणसं कळतात असं त्यांना वाटायचं, त्या दुपारीच त्यांना अपुऱ्या पडल्या होत्या. सुरेखा मागच्या रांगेत बसली होती. ती उठली आणि निघून गेली. सुनावणी पुढे ढकलली गेली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. विस्तार अडकला, ऑर्डर रद्द झाली. साहेबांना भागीदारांसमोर उत्तरं द्यावी लागली. वस्तीत दारं बंद झाली. सुरेखा आम्हाला बघून आत जायची. मॅडम मात्र रोज संध्याकाळी पुलावर जाऊन उभ्या राहायच्या, अंधार पडेपर्यंत. मी म्हटलं, "आता काय बघायचं? पाइप बदलला ना?"

"बदलला, हे मला माहीत आहे. त्यांना दिसू दे."

नवा पाइप जमिनीखाली न घालता भिंतीवरून, उघड्यावर घ्यायचा, हा हट्ट त्यांचाच. खर्च जास्त, दिसायला कुरूप, इंजिनीअर नाराज. पण चाळीतल्या कुठल्याही खिडकीतून तो दिसायचा. तो बसवत होते तेव्हा कदम आणि चाळीतली माणसं पलीकडे उभी राहून बघत होती. त्याच सुमाराला एका संध्याकाळी सुरेखा चहाचे दोन कप घेऊन पुलावर आली. कठड्यावर ठेवले आणि परत गेली. मॅडमनी तो चहा इतका सावकाश प्यायला की तो गार झाला असणार.

दुसरी सुनावणी झाली तेव्हा मॅडम व्यासपीठावर नव्हत्या. कंपनीने त्यांना अंधेरीच्या मुख्य ऑफिसात हलवलं होतं, अहवालाच्या कामाला. शिक्षा आहे असं कुणी म्हटलं नाही. त्यांनाही विचारावंसं वाटलं नाही. त्या रजा घेऊन आल्या आणि मागे बाकावर बसल्या. कंपनीची बाजू मी मांडली. शेवटी कदम उठले.

"कंपनी आम्हाला आवडत नाही," ते म्हणाले. "आजही नाही. पण विचारलं नसताना आपली चूक सांगणारी माणसं तिथे आहेत, हे आम्ही बघितलंय. शेड होऊ द्या. आमची अट एकच. चाळीतलं कोणीही, कधीही, मागच्या फाटकाने आत येऊन पाणी बघेल. आधी कळवणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही, मागच्या बाकाकडे बघितलं. मग मान हलवली. ती अट आजही पाळली जाते. कधी कधी सुरेखाच येते, हाताला पीठ तसंच असतं.

निवृत्तीनंतर मॅडम भांडुपला फार दिवस राहिल्या नाहीत. थोरली बहीण वेंगुर्ल्याजवळच्या घरात एकटी होती, तिच्याकडे जायचं ठरलं. "मुंबईत माका कंटाळा नाय इलो," मला म्हणाल्या, "पण ती एकटी आसा." एका रविवारी सकाळी त्यांच्या इमारतीखाली टेम्पो लागला. मी मदतीला गेले तर साळुंखे आधीच आले होते, कपाटाची दोरी आवळत होते. थोड्या वेळाने कदम आले. मग सुरेखा, वाटेत खायला पोळी-भाजीचा डबा घेऊन. आणि शेवटी, चढाच्या खालीच गाडी सोडून धापा टाकत, साहेब. आपण एकटेच आलो असू असं प्रत्येकाला वाटलेलं दिसत होतं. इतकी वर्षं टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली माणसं त्या अरुंद गल्लीत कुठे उभं राहावं ते न कळून उभी होती.

मॅडम खाली आल्या. त्यांनी थांबून कुणाचा निरोप घेतला नाही. साळुंखेंना गुडघ्याला तेल लावायला सांगितलं, सुरेखाचा हात हातात धरला, साहेबांना म्हणाल्या, "आईंना नमस्कार सांगा." माझ्या केसांवरून हात फिरवला. मग ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या. सकाळचं धुकट ऊन गल्लीत उतरलं होतं. त्यात टेम्पो हळूहळू फिकट होत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"पोचले गो. काल मी गेल्यावर सगळे गेले काय घरी?"

"नाही. तिथेच जिन्यावर बसलो होतो. जेवणाची वेळ होईपर्यंत."

"साहेबपण?"

"साहेबपण. सुरेखाने वरच्या शेजाऱ्यांकडून चहा आणला."

"काय बोलत होते?"

मी आठवून बघितलं. "काही विशेष नाही. साहेब त्यांच्या लहानपणीच्या विहिरीबद्दल सांगत होते. कदम आणि साळुंखे वरच्या चाळीला पाणी कमी का येतं त्यावर भांडत होते. मग साहेब म्हणाले, चला, बघूनच येऊ. आणि तिघे वर चढून गेले."

पलीकडून माडांच्या झावळ्यांचा आवाज आला, आणि त्याच्या मागे कुठेतरी लांब समुद्राचा.

"आता तू जा, थोडं जेवून घे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज झोपाळला होता. पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही नाही.